तपकिरी पाट्या

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार वजनं :
मोहरीची बाटली, तुझा चष्मा, मीठ,
आणि न सोललेला एक कांदा.
मार्चची रात्र. बाहेर आरासवर बारीक भुरभुर.

एकतीस वर्षं तू हा देश उभा-आडवा कापलास, गेतां,
चव्वेचाळीस टन पाठीशी घेऊन.
आणि मी विचारलं, मुलॅं कसं आहे गाव,
तर म्हणालास,
मुलॅंच्या पुढे डिझेल जरा स्वस्त पडतं.

टोलनाके तुला तोंडपाठ,
माझ्या आईला संतांची नावं असायची तसे.
ती एखादा संत विसरली की
पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.
तू विसरत नाहीस.

मग या पाट्यांचं सांगितलंस.
हायवेच्या कडेला उभ्या, तपकिरी,
त्यावर पांढऱ्या रेषांत काढलेला एखादा बगळा,
द्राक्षांचा घोस, गाय, पडका बुरूज.
म्हणजे आत काहीतरी आहे,
वाट वाकडी करणाऱ्यासाठी.
तुझी वाट कधी वाकडी झाली नाही.
थांबायचास ते कायद्याच्या घड्याळाने,
आणि तिथे असायचं फक्त पार्किंग,
नाणं गिळणारं कॉफीचं मशीन,
आणि झोपलेले पोलिश ड्रायव्हर.

तर आता माझे नियम.
हायवे नाही. टोल नाही.
दिवसाला साठ किलोमीटर, त्याच्यावर एक नाही.
‘साठ?’
जेवायला बसवून कुणी एकच घास वाढावा
तसा पाहिलास माझ्याकडे.
‘साठ म्हणजे पाऊण तास.
उरलेल्या दिवसाचं काय करायचं?’

खरं तर मलाही ठाऊक नाही.
मी आपलं मोजत गेले :
तंबू उभारायला तास, आपल्या वयात, भांडणासकट.
सोमवारी छोट्या गावांत बेकरी बंद,
म्हणून रविवारीच दोन पाव, एक शिळा खायचा.
नगरपालिकेच्या तळावर संध्याकाळी सातला
सायकलवरून एक बाई येते म्हणे, पैसे घ्यायला,
तिच्याशी हवेवर बोलायचं.
प्लास्टिकच्या टबात भांडी घेऊन जायचं सामायिक नळावर,
शेजारच्या डच माणसाला साबण द्यायचा.
नदीत पाय.
मग पुन्हा नदीत पाय.

तू काही बोलला नाहीस.
उठून खाली गेलास, गाडीच्या कप्प्यातून
एक वही आणलीस, तेलकट, रबर लावलेली.
पुढून लिटर आणि किलोमीटर.
मागून, उलटी धरली की, वेगळंच :

बगळा, नव्वद नंतर.
घंटा ओतणारं गाव.
तळ्यात किल्ला (की बेटावर?)
मातीची भांडी.
गोगलगायी!!

पानंच्या पानं. चालत्या गाडीतल्या अक्षरात,
म्हणजे तू स्टीअरिंगवर लिहायचास,
आणि हे मला आज कळतंय, त्याबद्दल वेगळं बोलू.
काही ओळींपुढे एक एच.
माझ्या नावातलं पहिलं अक्षर,
आमच्याकडे जे लिहायचं असतं, म्हणायचं नसतं.
अख्खी दुनिया मला युगेत म्हणते
आणि ते तिथे दाराशी मुकाट उभं असतं.

मी विचारलं, या बगळ्यामागे काय आहे?
‘माहीत नाही,’ म्हणालास.
रस्त्याबद्दल तुझ्या तोंडून हे पहिल्यांदाच.
आणि चेहरा असा,
की कुणीतरी बक्षीस दिलंय.

चष्मा उचललास, तसा ब्रेताञचा कोपरा
सुर्रकन गुंडाळून आत आला.
राहू दे, तिकडे जायचंच नाहीये आपल्याला.
पेन्सिलीने मी नव्वदच्या जवळपास एक गोल काढला,
मोठाच, कारण नव्वद कशापासून
ते तू लिहिलेलं नाहीस.

कांदा चिरायला घेतला. उशीर झालाय.
पोटमाळ्यावरून तंबू काढून वारा द्यायचाय,
खुंट्या मोजायच्यात.
मागच्या वेळी तीन कमी होत्या,
आणि ती मागची वेळ
सत्त्याऐंशी सालची.